अक्कांचा एकमेव संशय

अक्का, पेटीवाल्यावरून झालेलं आपलं भांडण मिटलं असं मी धरून चालले होते. ते मिटलेलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर ते पुन्हा उघडलं. तेव्हापासून शाळेत पाढे म्हणून घेताना, भाकरी थापताना, धरणाच्या पाण्याकडे बघत बसताना माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. शेजारच्या घरात नुकतं माणूस गेलेलं असताना कुणी इतकं उत्साहात असू नये, हे मला कळतं. पण तुमच्या बाबतीत माझा नाइलाज आहे. तुमच्या सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला चुलीवर भात रटरटत असताना, पुस्तक मिटू नये म्हणून तुम्ही ते पळीने दाबून धरलं होतंत. तुम्हाला रडणं ऐकायचं नसेल. काय निष्पन्न झालं, ते आधी ऐकायचं असेल.

ते सांगतेच. मात्र हे वाचणाऱ्या सगळ्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते. तुम्ही मध्ये बोलू नका.

मी मुळशीला शाळेवर आले तेव्हा तुमच्या यजमानांच्या, म्हणजे नानांच्या, हॉटेलामागची खोली मला राहायला मिळाली. हॉटेल म्हणजे चहा, शेव आणि दोन बाकं. पुण्याची मुक्कामाची गाडी समोरच थांबायची. पहिल्याच संध्याकाळी मागच्या पडवीत तुम्हाला पाहिलं. मांडीवर गोधडी पसरलेली, सुई टोचून ठेवलेली आणि गोधडीच्या घडीत एक रहस्यकथा उघडी. मला वाटलं, लपवून वाचताय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाई, जरा थांबा. गडी आत्ता कपाट उघडाय लागलाय." मी उभी राहिले. कपाटात काही निघालं नाही, तेव्हा कुठे तुम्ही मला बसा म्हणालात.

पौडाला माहेरी तुम्ही सातवी फायनलपर्यंत शिकला होतात. त्यानंतर शेतीभाती, चार मुलं, हॉटेलाची भांडी आणि दर महिन्याला एक खून. पुस्तक आणायचे जगताप कंडक्टर. आपल्या वाचणाऱ्या मंडळींत तिसरे दवाखान्याचे कंपाउंडर, चौथी मी. धरणाची वीज डोंगरापलीकडे मुंबईला जायची आणि आपण कंदिलाची काच पुसून वाचायचो. नाना वाचत नसत. खुनाच्या गोष्टींवर चार शहाणी माणसं भांडतात याची त्यांना गंमत वाटायची. विषाची चर्चा फार लांबली की ते म्हणायचे, "आवो, मरायचंच आसंल तर माझा चा हाय की."

पुस्तक शिवण्याची पद्धत मी येण्याआधीच पडली होती. तिची हकीगत कंपाउंडर अजून दात ओठ खाऊन सांगतात. त्या वेळी जगताप वाटेतच पुस्तक वाचून काढत. एकदा गाडीतून उतरता उतरता त्यांनी भर हॉटेलात सांगून टाकलं की मॅनेजरनेच मारलंय. कंपाउंडर ते पुस्तक कधी हातात पडतं म्हणून महिनाभर वाट बघत होते. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून गेले. जगतापांना खोकला झाला तेव्हा त्यांनी औषध दिलं, पण बोलले नाहीत. मग तुम्ही गोधडीची सुई काढलीत. पुढच्या महिन्यापासून जगतापांनी पुस्तक बांधलेलंच आणायचं, वाटेत सोडलं तर चहा बंद. आधी तुम्ही ते पुरं वाचायचं, मग शेवटची पानं बाहेरच्या कडेने धावदोऱ्याने शिवून टाकायची, आणि मगच ते मंडळींत फिरायचं.

वाचणारा शिवणीपाशी पोचला की त्याने मागच्या पडवीत एकट्याने यायचं. तुमचे दोनच प्रश्न असायचे. "कुनावर? कशावरनं?" आम्ही मोठ्या ऐटीत सगळी मांडणी करायचो. तुमच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. सगळं ऐकून झालं की तुम्ही दाताने दोरा तोडायचात, टाके उसवायचात आणि मधली पानं एकदम उलटून थेट नावाच्या ओळीवर बोट ठेवायचात. पुस्तकाकडे तुम्ही बघायचाच नाहीत, आमच्याकडे बघायचात. माणूस फसला की तुमच्या डोळ्यांत जे काही यायचं ना अक्का, त्यासाठी मी एकदोनदा बरोबर नाव ठाऊक असून मुद्दाम चुकीचं सांगायच्या बेतात होते. मग पुस्तक पुन्हा शिवलं जायचं, पुढच्या माणसासाठी.

पुस्तक चांगलं आहे असं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. शिफारस करायची तुमची तऱ्हा वेगळी होती. "हे वाचताना भात लावू नगा, करपंल," असं म्हणालात की समजायचं, अस्सल माल आहे. "झोप येत नसंल तर न्या," म्हणजे नेऊ नका. शेवटी जुळा भाऊ निघाला की ते पुस्तक तुमच्या मनातून उतरलं, मग लेखकाने आधी काहीही केलेलं असो. कोणाला काय द्यायचं तेही तुम्हीच ठरवायचात. कंपाउंडरना विषाचं, कारण त्यात चूक काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. जगतापांना पाठलागाचं. मला एका घरात अडकलेली पाच-सहा माणसं लागतात, हे माझ्या आधी तुम्ही ओळखलंत. मला शिकवणाऱ्या कुणी कधी विचारलं नाही की तुला काय आवडतं. तुम्हीही विचारलं नाहीत. एक पुस्तक पुढे सारलंत आणि ते बरोबर होतं.

एकदा मी तुम्हाला टोकलं. म्हटलं, अक्का, सगळ्यांच्या आधी शेवट तुम्हाला कळतो, मग तुमच्या वाट्याला मजा कोणती? आम्ही फसतो, आम्ही तर्क लढवतो, आणि तुम्ही नुसत्या शिवता. तुम्ही गोधडीचा टाका ओढत म्हणालात, "बाई, तुमची तोंडं तुमास्नी दिसत न्हाईत. मला दिसत्यात."

मला ते पटलं नाही. वाचणाऱ्याने एकदा तरी फसावं, त्याशिवाय रहस्यकथा वाचली असं म्हणू नये, असं मी म्हणायची. तुम्ही हसून विषय बदलायचात. हा आपला जुना वाद. त्यात कुणी जिंकलं नाही.

दिवाळीनंतर, भाताची झोडणी चालू होती तेव्हा, तुम्हाला दम लागायला लागला. पाय सुजले, मग बोटं. कंपाउंडर पुण्याच्या दवाखान्यात चला म्हणत होते, तुम्ही खळं उरकू दे म्हणत होतात. जगतापांनी त्या महिन्याचं पुस्तक आणून दिलं. तुम्ही ते हातात घेतलंत, सुताची दोरी सोडलीत आणि सुई धरायचा प्रयत्न केलात. सुई दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा तुम्ही ती उचलली नाहीत. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणालात, "ह्या येळचं तुमी शिवा. मी वाचती."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मी पुस्तक छातीशी धरून खोलीकडे पळत गेले ते मला आठवतं. माझ्या वयाला आणि नोकरीला ते शोभत नव्हतं. आणि तुमचं काय होतं? मी पुस्तक वाचून काढायच्या आत तुम्ही नानांना माझ्या दारात पाठवलंत, झालं का म्हणून. ते गेले, पुन्हा आले. शेवटी तेच वैतागून म्हणाले की बाई, काय आसंल ते शिवून टाका, तिनं मला हॉटेलात बसू द्यायचं सोडलंय.

ती नाटक कंपनीची गोष्ट. आता आपल्या मंडळींत सगळ्यांची वाचून झाली आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. गावोगाव फिरणारी कंपनी, एका जत्रेत तंबू ठोकलेला. दोन अंकांच्या मध्ये मालक विंगेत विडा खातो आणि तिसऱ्या अंकाच्या आधी मरतो. विड्यात विष. संशय चौघांवर. कर्जात बुडालेला मेहुणा, स्त्रीभूमिका करणारा नट, विंगेत पोथी घेऊन उभा असणारा प्रॉम्प्टर आणि रंगमंचासमोर बसलेला पेटीवाला. लेखकाने असा काही गुंता घातला होता की मी शेवट वाचून उठले ती थेट पाण्याच्या काठापर्यंत चालत गेले. कुणाशी तरी बोलायचं होतं आणि बोलायची चोरी होती. तुम्ही दर महिन्याला हे कसं सोसत होतात, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मग शिवायला बसले. कुठून शिवायचं असं तुम्हाला विचारलं होतं, तर तुम्ही एवढंच म्हणालात की ते पुस्तकच सांगतंय. तुमच्या शिवणी मी इतकी वर्षं पाहिल्या होत्या. गुप्तहेर सगळ्यांना एका जागी जमवतो, तिथून पुढे तुमचा दोरा असायचा. या पुस्तकातही तो सगळ्यांना तंबूत जमवतो. मी तिथून शिवलं. टाके वाकडे आले, पण घट्ट आले.

तुम्ही ते कसं वाचलंत ते नानांनी मला नंतर सांगितलं. आमटी दोनदा खारट झाली, आणि म्हशीला तुम्ही चुकून प्रॉम्प्टर म्हणालात. मग एका सकाळी मला बोलावणं आलं. पेंढ्याच्या गंजीला पाठ टेकून तुम्ही उन्हात बसला होतात. पुस्तक मांडीवर. चेहरा असा, की परीक्षेला बसलेल्या पोरांचे चेहरे मी रोज बघते, त्यातला एक.

तुमचे प्रश्न मी तुम्हालाच विचारले. कुणावर?

"प्रॉम्प्टर," तुम्ही म्हणालात.

कशावरनं?

"समदे नटांकडं बगत्यात. जो त्यास्नी वाक्यं देतो त्याच्याकडं कोन बगतंय? विंगेत तोच उभा. विडा बी विंगेतच."

आणि पेटीवाला? मी चेहऱ्यावर काही दिसू न देता विचारलं.

"त्यो आख्ख्या गावाफुडं बसल्याला. उठला तर पेटी बंद पडंल. कुनीतरी बोललं आसतं की."

मी दाताने दोरा तोडला. तुमच्यासारखीच मधली पानं उलटली आणि थेट नावावर बोट ठेवलं. पेटीवाला.

अक्का, तुमचं ते तोंड मी पाहिलं. तुम्ही म्हणायचात ते खरं होतं. आपलं आपल्याला दिसत नाही. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडं राहिलं, मग तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि दम लागेपर्यंत हसलात. नाना पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले आणि मलाच ओरडले. तुम्ही त्यांचा हात धरून सांगत होतात, "फसली वो, मी फसली." कुणाला बक्षीस लागल्यावर लोक असं सांगतात. मी मनात म्हटलं, हा वाद मी जिंकला.

पण तुम्ही तुम्हीच होतात. पाणी पिऊन झाल्यावर नावाच्या ओळीपासून पुढे वाचायला लागलात. पेटीवाल्याने हे कसं केलं ते गुप्तहेर उलगडून सांगतो, तो भाग. वाचता वाचता तुमचं हसू गेलं. एका वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत. गुप्तहेर म्हणतो, दुसऱ्या अंकातल्या पदाला पेटी वाजतच नव्हती हे तबलजीने सांगितलंच आहे.

"कवा सांगितलं?" तुम्ही मला विचारलंत. "मी समदं वाचलंय. तबलजी कुटंच बोलला न्हाई."

मी म्हटलं, बोललाय, अक्का, मी स्वतः वाचलंय.

"न्हाई बोलला. ह्यो लेखक लबाड हाय. फसवायचं तर पुरावा फुडं ठिवून फसवावं. हे म्हंजी पत्ते खेळताना एक पान मांडीखाली."

मला राग आला. लेखकाचा अपमान मला कधी सहन होत नाही. मी म्हटलं, पुस्तकात आहे, तुमच्या वाचण्यात राहिलं असेल, पुन्हा शोधा. कुठे आहे ते मात्र मला नेमकं आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे मी कबूल केलं नाही. तुम्ही पुस्तक ओढून घेतलंत आणि पहिलं पान उघडलंत. आता दुसऱ्यांदा, ओळ न ओळ.

इकडे बातमी पसरली. पद्धतीप्रमाणे खुन्याचं नाव मी कुणाला सांगितलं नाही, पण अक्का चुकल्या एवढं माझ्या तोंडून गेलं. जगताप ऐकून असे खूश झाले की तिकिटं फाडता फाडता गाडीभर सांगत सुटले, "मुळशीच्या आक्काची पयलीच केस, आनि हारली." ज्यांना तुम्ही कोण हेही ठाऊक नव्हतं, तेही हसले म्हणे. कंपाउंडर म्हणाले, इतकी वर्षं आमचे पेपर तपासले, पण परीक्षक स्वतः बसला तेव्हा पहिल्याच फेरीत नापास. तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. पण ते निघून गेल्यावर मला हळूच म्हणालात, "मी चुकली न्हाई, बाई. मला बनिवलंय." मी ते सोडून दिलं. हरलेला माणूस असं म्हणतोच, असं मला वाटलं.

त्यानंतर तुम्ही अंथरुणाला लागलात आणि पुस्तक तुमच्या उशाशी गेलं. पुढचा नंबर कंपाउंडरांचा होता, पण ते मागायला धजले नाहीत. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात. पुस्तक मिटलेलं, आत गोधडीची एक चिंधी खुणेला. तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"घावलं," तुम्ही म्हणालात. "तबलजी बोललाय. लेखकाचा काय दोष न्हाई."

मी म्हटलं, मी सांगत नव्हते का.

"व्हय. तुमी सांगत व्हता."

कुठे सापडलं, मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. तुमच्या त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. "आता तुमी हुडका," म्हणालात. मी लगेच बाहेर जाऊन कंपाउंडरना सांगितलं की अक्कांनी हार मान्य केली. अशा रीतीने दोन्ही वाद माझ्या नावावर जमा झाले. त्या आठवड्यातच तुम्ही गेलात.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि नानांनी ते पुस्तक माझ्याकडे आणून दिलं. मंडळींचं हाय, म्हणाले. मी ते कितीतरी वेळ उघडलं नाही. मग वाटलं, तुम्ही हुडका म्हणाला होतात. निदान तेवढं तरी करावं. रविवारी पाण्याच्या काठावर जाऊन पहिल्या पानापासून बसले. एक अंक, दुसरा अंक. तबलजी कुठेच नव्हता. मालक मेला, पोलीस आले, चौकशी झाली, तबलजी गप्पच. मग गुप्तहेर सगळ्यांना तंबूत जमवतो ते पान आलं. आणि तिथे, नाव घेण्याच्या पुष्कळ आधी, तो तबलजीला उभं करतो आणि विचारतो. तबलजी सांगतो की दुसऱ्या अंकातल्या पदाला पेटी नव्हती, मी एकटाच ठेका धरून होतो, लोकांना वाटलं चाल तशीच आहे.

मी मोठ्याने ओरडले असेन, कारण पलीकडे म्हशी धुणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. लेखक खरा होता. मीही खरी होते. मग सहज अंगठा पानाच्या कडेवर फिरला आणि काहीतरी खरखरीत लागलं.

भोकं. माझ्या सुईची भोकं, वेडीवाकडी, ओळीने. तबलजीचं पान माझ्या शिवणीच्या आत होतं.

अक्का, तुम्ही नेहमी माणसं जमवल्यावर शिवत होता, असं मी समजून होते. तुम्ही तसं शिवत नव्हता. तुम्ही शेवटचा पुरावा हाती पडल्यावर शिवत होता. बहुतेक पुस्तकांत या दोन जागा एकच असतात, म्हणून मला इतक्या वर्षांत फरक दिसला नाही. या एका पुस्तकात त्या वेगळ्या होत्या. मी तुम्हाला पुरावा न देता संशयित विचारला. मग टाके तोडून, तुमचीच नक्कल करत, मधली पानं उलटून थेट नाव दाखवलं, म्हणजे ते पान तेव्हाही तुमच्या नजरेतून सुटलं. लबाड लेखक नव्हता. लबाडी माझ्या सुईची होती. आणि तुमची चिंधी त्याच्या पुढच्याच पानात निघाली. म्हणजे तुम्ही ती भोकं पाहिली होती.

हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं. ते नंतर आलं. आधी मला धावत सुटावंसं वाटलं. कारण तुमचं नाव गाडीभर बद्दू झालं होतं आणि ते सोडवण्याचा उपाय माझ्या हातात होता. कंपाउंडर आणि जगताप, दोघांचंही पुस्तक वाचून व्हायचं होतं. घरी आले, सुई घेतली आणि त्याच भोकांतून, त्याच वाकड्या ओळीने पुस्तक पुन्हा शिवलं.

कंपाउंडरांनी ते अधाशासारखं वाचलं आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले. कुणावर? प्रॉम्प्टर. कशावरून? म्हणाले, औषध देणाऱ्याच्या हाताकडे कुणी बघत नाही, हे माझ्याइतकं कोण जाणतं. पेटीवाला? तो समोर बसलेला, त्याचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, दोरा आज तुटणार नाही, जगतापांचं होऊ दे. त्यांनी पाय आपटले, पण गेले. जगतापांनी मुक्कामाच्या दोन दिवसांत संपवलं. कुणावर? "प्राम्टर. ज्याच्या हातात पुस्तक, त्याला शेवट ठाऊक." पेटीवाला? "त्यो कसा उठंल, बाई? आख्खं गाव बगतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही हॉटेलात बोलावलं. नाना कप विसळत होते. मी सांगितलं की तुम्ही दोघांनी एकच नाव घेतलंत, आणि अक्कांनीही तेच घेतलं होतं. मग दोरा तोडला आणि नावाचं पान न उघडता शिवणीतलं पहिलं पान कंपाउंडरांच्या पुढे ठेवलं. म्हटलं, मोठ्याने वाचा.

ते वाचत गेले. तबलजीच्या वाक्यावर थांबले. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हे शिवणीच्या आत का, बाई? हे आधी मिळालं असतं तर मी पेटीवाला म्हटलं असतं. ही फसवणूक आहे."

मी म्हटलं, अक्का हेच म्हणत होत्या, आणि कुठून शिवलं होतं ते भोकं दाखवून सांगितलं.

मग जे सुरू झालं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. कंपाउंडरांचं म्हणणं, पुराव्याशिवाय घेतलेला संशय मोजायचाच नाही, केस रद्द. जगतापांचं म्हणणं, रद्द कशी, हातात जेवढा माल दिला तेवढ्यात आक्कांनी नेमकं बोट ठेवलं, आम्ही दोघंही तिथंच पोचलो, म्हणजे ती जिंकली. कंपाउंडर म्हणाले, जिंकली कशी, खुनी पेटीवाला आहे. जगताप म्हणाले, खुनी कुणी का असंना. असे ते चहा गार होईपर्यंत भांडले. शेवटी जगतापांनी ठरवलं की उद्यापासून गाडीत सगळ्यांना सांगायचं, आक्का हारली नव्हती. कंपाउंडर म्हणाले, ती माणसं केव्हाच उतरून गेली. "उतरली तर उतरली," जगताप म्हणाले. "परत याच गाडीनं येत्यात."

नाना तेवढा वेळ कपच विसळत होते. कप पालथे घालून झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, "तिला म्हाईत व्हतं."

आम्ही तिघेही त्यांच्याकडे वळलो.

"मला भोकं दावली तिनं. म्हनली, हितं चुकल्यात बाई. मी म्हनलं, मग सांग की त्यास्नी, समदी तुला हसत्यात. तर म्हनली, नगं. पयलीच येळ हाय त्यांची. आता सांगितलं तर पुन्यांदा सुई धरायच्या न्हाईत. फुडचं समदं त्यास्नीच शिवायचंय. हात बसू दे."

ते सांगून नाना शेगडी विझवायला गेले. जगतापांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्या दोघांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पुढचं सगळं मीच शिवायचं, हे तुम्ही ठरवलं होतंत. म्हणजे तुमचं काय होणार तेही तुम्हाला ठाऊक होतं, आणि तेही तुम्ही शिवून ठेवलं होतंत. त्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे. आता ते राहील. तुम्ही हरलात असं समजून मी जितके दिवस मिरवले, तेवढे दिवस तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात. तेही राहू दे.

काल जगतापांनी नवं पुस्तक आणलं, बांधलेलं. मी ते वाचून संपवलं आहे. हिलस्टेशनवरचं एक घर, पाच माणसं, बंद खोली. तुम्ही ते माझ्याच पुढे सारलं असतंत. शेवटचा पुरावा कुठे आहे ते मी तीनदा तपासलं. माणसं जमतात त्याच्या आधी आहे की नंतर, तेही बघितलं. नंतर आहे. तिथून पुढे शिवलं. टाके अजून वाकडे येतात. उद्या ते कंपाउंडरांकडे जाईल, आणि मी भात लावू नका एवढंच सांगणार आहे.

खुनी कोण ते मला कळलं आहे, अक्का, आणि कुणाला सांगायची सोय नाही. यात तुम्ही नक्की फसला असतात. सगळा पुरावा हातात देऊनसुद्धा.